तरुण क्वार्टरबॅकला नावं ठेवताना या चुका टाळा

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, दर एप्रिलला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) होतो आणि आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला आधी निवड करायला मिळते. त्यामुळे कॉलेजात गाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, बहुतेक वेळा जाऊन पडतो तो दुबळ्या संघात. दोन महिन्यांत त्याच्या नावानं ओरड सुरू होते. अमेरिकेत राहणारे आणि इथे रात्री जागून सामने बघणारे आपले लोकही त्यात मागे नसतात. दोष पोराचा की त्याच्याबरोबरच्या दहा जणांचा, हे बऱ्याच अंशी ओळखता येतं. ते न बघता वीस-बावीस वर्षांच्या मुलाला निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं.

नुसत्या आकड्यांवर निकाल लावू नका

लॉस एंजेलिस रॅम्सनं २०१६ मध्ये जॅरेड गॉफला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्या मोसमात तो सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. त्याच्या पासवर टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) ५, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं मध्येच पकडलेले पास) ७. निवड वाया गेली, असं बोललं जाऊ लागलं. पण रॅम्सनं त्या अख्ख्या मोसमात केलेले गुण होते २२४, लीगमध्ये सगळ्यांत कमी. पुढच्या वर्षी शॉन मॅकवे मुख्य प्रशिक्षक झाला, डावी बाजू सांभाळायला अँड्र्यू व्हिटवर्थसारखा मुरलेला टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीच्या टोकाचा खेळाडू) आला, रॉबर्ट वुड्स आणि कूपर कप हे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, आले. रॅम्सचे गुण झाले ४७८, लीगमध्ये सर्वाधिक. गॉफचे टचडाउन २८ आणि इंटरसेप्शन पुन्हा ७च.

तिसऱ्या डाउनचं मूळ पहिल्या डाउनमध्ये शोधा

मला विचाराल तर सगळ्यांत जास्त गल्लत इथेच होते. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, म्हणजे चार डाउन, असतात, पण चौथीला संघ बहुधा पंट करतो (चेंडू लाथेनं दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देतो), म्हणजे हाती उरतात तीन. आता कमकुवत ऑफेन्सचा (आक्रमण करणाऱ्या फळीचा) एक डाव नीट बघा. पहिल्या डाउनला मधून रन, म्हणजे चेंडू घेऊन धाव. गार्ड (फळीत टॅकलच्या आतल्या बाजूचा खेळाडू) मागे ढकलला जातो, मिळतो एक यार्ड. दुसऱ्याला छोटा पास, रिसीव्हरच्या हातून सुटतो. तिसरा डाउन, नऊ यार्ड बाकी. आता पासच येणार हे स्टेडियममधल्या पोराटोरांनाही कळतं. बचावाच्या दोन्ही टोकांचे डिफेन्सिव्ह एंड रनची फिकीर सोडून थेट क्वार्टरबॅकवर धावतात. रिसीव्हर नऊ यार्ड पुढे जाऊन वळेपर्यंत उजवा टॅकल हरलेला असतो. पोरगा घाईत, मागच्या पायावर वजन ठेवून फेकतो आणि चेंडू सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यांत मागच्या बचावपटूच्या, हातात. रिप्लेमध्ये चारचारदा दाखवतात तो हाच शेवटचा थ्रो. पहिल्या डाउनला हरलेला गार्ड कोणाच्या लक्षातही राहत नाही.

सॅक झाला की डोळे झाकून लाइनला दोष देऊ नका

शिकागो बेअर्सच्या केलेब विल्यम्सला २०२४ च्या पदार्पणाच्या मोसमात ६८ सॅक बसले, म्हणजे पास फेकण्याआधीच त्याला इतक्यांदा पाडलं गेलं. लाइन (त्याला वाचवणारी पुढची फळी) कच्ची होती हे खरंच. पण मोठ्या प्लेच्या आशेनं तो चेंडू फार वेळ हातात ठेवत होता, हेही तितकंच खरं. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला जातो त्या क्षणापासून, मनात सेकंद मोजा. दोन-अडीच सेकंदांच्या आत टॅकल हरला तर दोष लाइनचा. साडेतीन सेकंद उलटले आणि जवळ रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा) मोकळा उभा होता, तर मात्र क्वार्टरबॅकचा. बेअर्सनी दोन्हीकडे लक्ष दिलं: जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डॅलमन यांना आणून लाइनचा मधला भाग बदलला आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून संघ बेन जॉन्सनकडे सोपवला. पुढच्या मोसमात विल्यम्सचे सॅक निम्म्याहून कमी झाले.

वर्षं मोजताना प्रशिक्षकही मोजा

सॅन फ्रान्सिस्कोनं २००५ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या अ‍ॅलेक्स स्मिथला सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ दर मोसमाला नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) मिळाला. म्हणजे दर वेळी नवी प्लेबुक (डावांची वही) आणि आधी कोणाकडे बघायचं याची नवी शिकवण. २०११ मध्ये जिम हार्बॉ मुख्य प्रशिक्षक म्हणून आला आणि संघानं १६ पैकी १३ सामने जिंकले. स्मिथचे टचडाउन १७, इंटरसेप्शन फक्त ५. पुढे २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत याच स्मिथच्या मागे नवा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स मोसमभर बसून शिकला, सुरुवातीपासून खेळला तो एकच सामना. सगळ्याच संघांना एवढा धीर का धरवत नाही, हे मला कळत नाही.

अर्थात पोराला सगळंच माफ नाही. समोर कोणी धावून येत नसताना, रिसीव्हर मोकळा असताना थ्रो वारंवार डोक्यावरून जात असेल तर ती त्याचीच चूक.

मार खाऊन लागलेल्या सवयी ओळखा

ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ २००२ मध्ये मैदानात उतरला आणि त्यांनी डेव्हिड कारला पहिल्याच मोसमात खेळवलं. त्याला ७६ सॅक बसले, एका मोसमातला विक्रम. २००५ मध्ये पुन्हा ६८. इतका मार खाणाऱ्या क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून उतरून अंगावर येणाऱ्यांकडे वळू लागते आणि कोणी जवळ नसतानाही पाय पॉकेट (लाइननं राखलेली जागा) सोडायला बघतात. पुढे चांगली लाइन मिळाली तरी ही सवय सहज सुटत नाही. म्हणून नव्या क्वार्टरबॅकचा सामना बघताना चेंडूमागे न जाता स्नॅपनंतर त्याच्या हेल्मेटकडे बघा. दहाव्या सामन्यातही ते वर, दूर बघत असेल, तर स्कोअरबोर्ड काहीही सांगो, त्या मुलाला आणखी एक मोसम आणि बरी लाइन द्यायला हवी.