बसच्या इंधनयंत्रणेतला दोष: रिकॉल कसा तपासावा, तक्रार कशी नोंदवावी

सीएनजी बसचा एखादा जोड गळू लागला की मेकॅनिक तो आवळतो, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघतो आणि बस पुन्हा मार्गावर जाते. महिन्याभरात तोच जोड परत गळतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बसमध्येही नेमका तिथेच गळतो. मग खोट घडणीतच असू शकते, आणि अशी खोट असलेल्या बस परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं हे कंपनीचं काम आहे. यालाच रिकॉल म्हणतात. आपल्याकडे गळती आवळली जाते, पण लिहून ठेवली जात नाही, आणि रिकॉलची वाट तिथेच अडते.

आधी माणसं. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो, आणि हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने बंद बसमध्ये छताखाली साचतो. वास आला की बस मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करा, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना उतरवा आणि लांब न्या. सिलिंडरचा व्हॉल्व चालकाने त्यानंतर बंद करावा. डिझेल बसमध्ये धोका वेगळा असतो: फुटलेल्या पाइपातून डिझेल तापलेल्या टर्बोवर किंवा सायलेन्सरवर उडालं तर पेट घेतं.

मग नोंद. आरसीवरचा १७ अक्षरी चॅसिस क्रमांक उतरवून घ्या. रिकॉल सहसा ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांपुरता असतो, त्यामुळे नुसत्या नंबर प्लेटवरून भागत नाही. गळतीची तारीख, किलोमीटर, नेमका भाग (रेग्युलेटर, हाय-प्रेशर पाइप, सिलिंडरचा व्हॉल्व) आणि फोटो ठेवा. वर्कशॉपच्या जॉबकार्डावर ‘गॅस गळती’ हे शब्द लिहूनच घ्या; ‘जनरल चेकअप’ लिहिलेल्या कागदाचा पुढे काही उपयोग नाही. बदललेला भाग भंगारात टाकू नका.

आधीच रिकॉल निघालाय का? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस क्रमांक देऊन लेखी उत्तर मागा. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ २०१२पासून स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची माहिती आपल्या संकेतस्थळावर देते, तीही पाहा.

नसेल तर तक्रार. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं. चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होऊ शकेल असा दोष असेल, तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंड १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मालकाने परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवावी. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. विकलेल्या गाड्यांच्या तुलनेत तक्रारी किती आल्या, हे तिथे पाहिलं जातं. म्हणून त्याच मॉडेलच्या बस चालवणाऱ्या ओळखीच्या मालकांनाही तक्रार करायला लावा; हा फोन अजिबात टाळू नका.

तुम्ही प्रवासी असाल तर बसचा क्रमांक, मार्ग, वेळ आणि वास पुढून आला की मागून, एवढं टिपून आगारप्रमुखांकडे लेखी द्या व पोच घ्या. वाहकाला तोंडी सांगितलेलं बहुतेक वेळा त्या फेरीबरोबरच संपतं.

रिकॉलचं काम झाल्यावर काय बदललं ते लिहिलेला कागद घ्या आणि आरसीच्या फाइलला लावा; बस विकलीत तर तो नव्या मालकाला द्या. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी) मात्र याने टळत नाही. ती नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ने (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता दिलेल्या केंद्रातच करून घ्यायची. गाडी पासिंगला उत्तीर्ण झाली म्हणून रिकॉलचं काम झालं, असंही धरू नका. पासिंग आणि रिकॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.