रिकामी नोंद आणि शून्य पाऊस: माझा अनुभव

शेतावरील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी आम्ही पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहितो. त्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या, तक्त्यांतील माहिती हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीने वाचून पूर्णांकात बदलताना व्हॅल्यूएरर (मूल्य अयोग्य असल्याची त्रुटी) येऊन प्रोग्राम थांबत असे, कारण सीएसव्ही फाइलमधील (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींच्या फाइलमधील) रिकाम्या जागी पांडाज नॅन, म्हणजे ‘संख्या नाही’ असे दाखवणारे, दशांश प्रकारचे मूल्य ठेवते आणि त्याचे पूर्णांकात रूपांतर होत नाही.

सुरुवातीला मी रिकाम्या जागा भरणारे ‘फिलएनए’ हे फंक्शन वापरून सर्व रिकाम्या जागी शून्य भरले. एरर गेली, पण सरासरी पाऊस कमी दिसू लागला. हे मला एररपेक्षा अधिक गंभीर वाटले, कारण पाऊस न पडलेला दिवस आणि मोजमापच न झालेला दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॅन स्वतःशीही समान ठरत नसल्यामुळे बरोबरीच्या चिन्हाने त्याची तपासणी होत नाही. मूल्य नुसत्या ‘इफ’ या अटीत तपासले तर शून्याची खरी नोंद वगळली जाते आणि नॅन मात्र पुढे जाते. म्हणून मी रिकामे मूल्य ओळखणाऱ्या ‘इजएनए’ने रिकाम्या नोंदी मोजल्या, रकान्याचा प्रकार मोठ्या ‘आय’ने लिहिला जाणारा, रिकामे मूल्य सामावून घेणारा ‘इंट६४’ हा पूर्णांक प्रकार ठेवला आणि सरासरीशेजारी नोंद नसलेल्या दिवसांची संख्याही छापली.