कॉलेजच्या फीचे पैसे अडतात कुठे? स्कॉलरशिप आणि शैक्षणिक कर्जातल्या या चुका टाळा

फॉर्म सबमिट झाला, अर्जाचा आयडी मिळाला, प्रिंट काढून फाइलला लावली. इथवर पोचलेल्या विद्यार्थ्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात काम इथून सुरू होतं. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग त्या त्या विभागाच्या कार्यालयात. यातल्या कुठल्याही टेबलावरून तो मागे येऊ शकतो. मागे आला की पोर्टलवर ‘सेंड बॅक’ एवढी दोन अक्षरं दिसतात आणि अर्ज तिथेच पडून राहतो. घरी फोन करून कोणी सांगत नाही. मेसेज येतो तो अर्जात दिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर बऱ्याचदा सायबरवाल्याचा असतो, कारण त्या दिवशी ओटीपी पटकन मिळावा म्हणून त्यानेच स्वतःचा टाकलेला असतो.

पहिली सवय हीच लावा. नंबर स्वतःचा, ईमेल स्वतःचा, पासवर्ड वहीत लिहिलेला. मुदत संपेपर्यंत दर सोमवारी एकदा लॉगिन करून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. ‘सायबरवाले काका बघतात’ हे उत्तर ऐकून कॉलेजातल्या स्कॉलरशिपच्या खिडकीवरची माणसं आता चिडतही नाहीत.

आधार ‘लिंक’ आहे, मग पैसे का नाही आले?

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘खात्याला आधार जोडणं’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खातं उघडताना केवायसीसाठी आधार दिलं, ही एक. आणि ‘सरकारी अनुदान याच खात्यात यावं’ अशी संमती देऊन बँकेने ते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या) मॅपरवर, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्या यादीवर, चढवलं, म्हणजे सीडिंग केलं, ही दुसरी. शिष्यवृत्ती दुसरीवर चालते. आणि मॅपरवर एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. जी शेवटची चढली, ती.

कुर्ल्याच्या एका मुलाचं उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अर्ज मंजूर. पोर्टलवर पैसे वाटप झाल्याचं दिसतंय आणि कॉलेजशेजारच्या बँकेतल्या खात्यात खडखडाट. शाखेत विचारलं तर उत्तर, ‘आधार लिंक आहे की.’ कॉलेजात विचारलं तर, ‘आमच्याकडून गेलंय.’ चेंबूरचं समाजकल्याण कार्यालय, कॉलेज, बँक अशा फेऱ्यांत दोन महिने गेले. निघालं काय? दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा दोनदा लावून घेतला होता. एक सिमसाठी, दुसरा पेमेंट्स बँकेच्या खात्यासाठी. त्या खात्याने मॅपरवरची जागा घेतली. पैसे तिथेच जमा झाले होते, मेसेज वडिलांच्या फोनवर आला होता, आणि ‘पोराची स्कॉलरशिप आली’ म्हणून वडिलांनी पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलून घेतले होते.

आता यातली दुसरी चूक पाहा, कारण ती पहिलीपेक्षा महाग आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असा ठरवला, आणि केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यात निर्वाह भत्ता असतो तशी कॉलेजची फीसुद्धा असते. म्हणजे खात्यात आलेला सगळा पैसा आपला नसतो. त्यातली फी कॉलेजला भरायची असते, तीही लगेच. वडिलांचा यात दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण कॉलेजची थकबाकी पत्रे बदलून फिटत नाही, आणि शेवटच्या वर्षाला दाखला आणि मार्कशीट घ्यायच्या वेळी ती बरोबर समोर येते.

तपासायचं कसं? माय-आधार पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव, सीडिंग सक्रिय आहे की नाही आणि शेवटची तारीख, इतकं दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही. त्यामुळे एकाच बँकेत दोन खाती असतील तर नेमकं कुठलं जोडलंय ते शाखेतच विचारावं लागतं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात नवीन सीडिंग की दुसऱ्या बँकेतून बदल, असा पर्याय असतो. बदल असेल तर जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं. ‘नवीन’वर खूण करून आलात तर अर्ज फिरून येऊ शकतो. आठ दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. काउंटरवरच्या ‘झालं’वर जाऊ नका, पोर्टलवर बँकेचं नाव बदललेलं दिसलं की मगच झालं.

शाळेत असताना उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल तर आणखी एक गंमत. त्यात वर्षाला एकूण १ लाखापर्यंतच जमा चालते आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ देत नाहीत. केवायसी पूर्ण करून ते साधं बचत खातं करून घ्या, तेही फॉर्म भरायच्या आधी.

एका ओळीत सांगता येतील अशा चुका

पोर्टलवरचं ‘राईट टू गिव्ह अप’ हे बटण म्हणजे शिष्यवृत्तीवरचा हक्क सोडणं. पुढे काय होतं ते बघायला ते दाबायचं नसतं. तरी दरवर्षी मुलं दाबतात आणि मग विनंती अर्ज घेऊन हिंडतात.

दुसऱ्या वर्षाला ‘रिन्यूअल’ करायचं असतं, नवा अर्ज नाही. आणि ते आपोआप होत नाही.

राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. हा फरक चालतो. स्पेलिंगमधला फरक चालत नाही. आधार दुरुस्ती जूनमध्ये करा, शेवटच्या तारखेच्या आठवड्यात नाही.

साताऱ्याहून मुंबईत शिकायला आलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी वर्षाला ६० हजार. तिचा अर्ज शिष्यवृत्तीपेक्षा वेगळा. घर मुंबईतच असेल तर ती आपल्यासाठी नाही, तिथे वेळ घालवू नका.

‘सीट घेऊन टाकू, स्कॉलरशिप नंतर बघू’

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, म्हणजे सगळे जिला ईबीसी म्हणतात तिच्यात, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि शिक्षणशुल्काची निम्मी रक्कम मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, उत्पन्नाची मर्यादा तीच. पण व्यावसायिक अभ्यासक्रमात दोन्हीकडे अट एकच: प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेज स्तरावरच्या फेरीतून सीट घेतली की हा दरवाजा बंद. खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. ‘तिसऱ्या फेरीपर्यंत कोण थांबणार’ म्हणत घाईने सीट पक्की करणाऱ्या घराला ही घाई चार वर्षांच्या फीएवढी पडते. कॉलेजचं माहितीपत्रक उघडून ‘अभिमत’ हा शब्द शोधायला दोन मिनिटं लागतात, पण कॅम्पसचे फोटो बघण्यात तास जातो.

आणि माफ होतं ते शिक्षण आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत, बस, जिमखाना हे घरूनच. ‘सगळं फुकट आहे’ असं शेजारीण म्हणाली तरी कॉलेजकडून शुल्काची फोड लेखी मागा. खासगी व्यावसायिक कॉलेजांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्या आकड्याशी ती ताडून पाहा.

एक बाप, दोन उत्पन्नं

नोकरी अंधेरीत आणि उत्पन्नाचा दाखला गावच्या तहसीलचा, वर्षाला ६० हजारांचा. तोच मुलगा नंतर कर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा वडिलांचं फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगार आणि कराचा दाखला, निघतं सहा लाखांचं. बँकेच्या फाइलमध्ये दोन्ही कागद शेजारी शेजारी लागतात आणि मग अधिकारी विचारतो ते बरोबरच विचारतो. दाखला जिथे खरोखर राहता तिथून काढा. मुंबई उपनगरात कुर्ला, अंधेरी किंवा बोरिवली तहसील, शहरात असाल तर मुंबई शहर जिल्ह्याकडून. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज करा आणि खरा आकडा लिहा. ईबीसीची मर्यादा ८ लाखांची आहे. सहा लाख लपवून मिळवायचं तरी काय?

नॉन क्रिमी लेअर म्हणजे उत्पन्नाचा दाखला नव्हे. त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीला आणि व्याज सवलतीला तहसीलदारांचा उत्पन्न दाखला वेगळा लागतो आणि तो ३१ मार्चला संपतो. मे महिन्यात नवा काढला की वर्षभर काळजी नाही.

कर्ज: व्याज ‘झोपलेलं’ नसतं

‘शिक्षण संपेपर्यंत काही भरायचं नाही’ हे वाक्य बँकेतला माणूस म्हणतो आणि घरचे ऐकतात, ‘व्याज लागत नाही’. लागतं. कर्जाची पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून लागतं.

हिशेब मांडून पाहू. ६ लाखांचं कर्ज, वर्षाला दीड लाख उचललं, दर १० टक्के, अभ्यास चार वर्षं आणि वर एक वर्ष सवलत. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे या काळात सरळ व्याज धरलं, तर पहिल्या दीड लाखावर ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार, चौथ्यावर ३० हजार. बेरीज २ लाख १० हजार. हप्ता सुरू होताना हे मुद्दलात मिसळतं आणि कर्ज होतं ८ लाख १० हजार. दहा वर्षांचा हप्ता साधारण १०,७०० रुपये. व्याज वेळच्या वेळी भरलं असतं तर ६ लाखांवर हप्ता ७,९०० च्या आसपास. महिन्याला २,८०० च्या जवळपास फरक, १२० महिने. एकूण ३ लाख ३० हजारांच्या पुढे.

आणि वेळच्या वेळी भरायचं म्हणजे किती? पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या ३,७५०, मग ५,०००. पहिल्या वर्षाचा आकडा बहुतेक घरांना जमतो. तेवढाच जमला तर तेवढाच भरा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून जाईल अशी स्थायी सूचना देऊन टाका, मनावर सोडू नका. अभ्यासाच्या काळात व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूट देतात. ती मंजुरी पत्रात लिहिलेली आहे का ते सही करण्याआधी बघा. त्याच पत्रात व्याज सरळ की चक्रवाढ तेही शोधा. बिगर-बँक कंपन्यांकडे हे गृहीत धरू नका.

कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर अभ्यासाच्या आणि वरच्या सवलतीच्या वर्षाच्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी दावा बँकेला करावा लागतो, आणि बँक तो तुमचा उत्पन्न दाखला हातात असेल तरच करते. पहिल्या उचलीच्या वेळी दाखला द्या आणि पोच घ्या. अभ्यास अर्धवट सोडला तर सवलत जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा, मग स्वप्नं.

साडेसात लाखांपर्यंत तारण मागितलं जाऊ नये म्हणून २०१५ पासून केंद्राची पतहमी योजना आहे. तरी शाखेत ‘एखादी एफडी ठेवा’ असं कानावर आलं तर वाद घालू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, म्हणजे नोंद राहते, आणि नकार द्यायचा तर लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की बरेचदा फाइल पुढे सरकते.

वडील सहकर्जदार असतील तर त्यांचा क्रेडिट रिपोर्ट अर्जाआधी काढा. सिबिलसह चारही संस्था वर्षातून एकदा फुकट देतात. कधीकाळी क्रेडिट कार्डाची थकबाकी ‘सेटल’ केली असेल तर ती तिथे दिसते, आणि घरात कोणाला आठवत नसली तरी बँकेला आठवते. अशा वेळी आई कमावती असेल तर तिला सहकर्जदार करा.

फीची शेवटची तारीख १० ऑगस्ट असताना ५ ऑगस्टला शाखेत जाणाऱ्यांसाठी वेगळा उपाय नाही. त्यांनी आधी पदरचे भरावेत आणि मूळ पावती जपावी. बँक तयार असली तर ती रक्कम नंतर वळती करते, पण झेरॉक्सवर नाही. पुढच्या प्रत्येक सत्राला कॉलेजचं मागणीपत्र आणि आधीच्या सत्राची मार्कशीट निकालाच्याच आठवड्यात शाखेत द्या. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, असेल तर तेही स्वतःहून सांगा.