शोपँ वाजवताना या चुका टाळा

पियानोसाठी रचना करणारा संगीतकार शोपँ म्हणजे हळवेपणा आणि हळवेपणा म्हणजे लय सोडायची मोकळीक, असा हिशेब पियानो शिकणारे बरेच जण मांडतात. निम्मी गडबड तिथेच होते. लयीच्या बाबतीत शोपँ कडक होता आणि मेट्रोनोम (ठोके देऊन लय दाखवणारं यंत्र) त्याच्या पियानोवरून कधी हलत नसे, असं त्याचा शिष्य कारोल मिकुली याने लिहून ठेवलंय. रुबातोत, म्हणजे लय थोडी ताणून-सोडून वाजवताना, रेंगाळतो तो उजवा हात. डाव्याने ठेका सोडायचा नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

ई फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना) घ्या, ओपस ९ मधला, म्हणजे नवव्या क्रमांकाच्या संचातला, दुसरा. डाव्या हाताचं काम ठरलेलं: खाली एक खर्जाचा सूर, मग वर दोन कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर). चाल अडखळत असेल तर आठवडाभर उजवा हात मांडीवर ठेवा. डावा एकटाच मेट्रोनोमवर वाजवा आणि वरची चाल तोंडाने गुणगुणा. गुणगुणताना डावा डगमगला, तर दोष कुठे आहे ते कळलंच.

‘सगळं गढूळ ऐकू येतं’ ही तक्रार पेडलची, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायपट्टीची. खर्जाचा सूर दाबताक्षणी पाय वर, आणि बोट पट्टीवरून सुटायच्या आत पुन्हा खाली. उशीर झाला की खर्ज नाहीसा होतो आणि वरचे कॉर्ड अधांतरी लटकतात. मी वर्षभर पाय दाबूनच वाजवत होतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा न्हाणीघरात वाजवल्यासारखं वाटलं.

स्वरसप्तकांच्या सरावाला सी मेजरपासून बसणं हीही सवयच. शोपँ शिष्यांना आधी बी मेजर देई: लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर, हात आपोआप नीट बसतो. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या असलेला सी मेजर त्याच्या मते सर्वांत अवघड.

शोपँचा ‘मिनिट वॉल्ट्झ’ (नाचाच्या ठेक्यातली रचना) मिनिटात संपवायला घड्याळ लावून वाजवू नका. हे नाव शोपँने दिलेलं नाही, आणि त्यातल्या ‘मिनिट’चा अर्थ छोटासा.

रचना निवडतानाही घाई नको. शोपँची फँटसी-इम्प्रॉम्प्टू ही वेगवान रचना पहिल्याच वर्षी हातात घेणारे खूप. उजवीकडे चार सुरांचे गट, त्याच वेळी डावीकडे तिनाचे. बोटं गुंततात आणि माणूस पियानोच सोडतो. ही रचना शोपँने छापलीच नव्हती. अप्रकाशित हस्तलिखितं जाळा म्हणून तो सांगून गेला. मित्र फोंताना याने ती १८५५ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर सहा वर्षांनी, छापली.

त्याऐवजी ओपस २८ मधला ई मायनर प्रिल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) घ्या. अवघ्या २५ मात्राखंडांचा. १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीला तो ऑर्गनवर वाजला होता. उजवीकडे जेमतेम एकेक सूर, डावीकडे अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली सरकणारे कॉर्ड. शेवटच्या तीन कॉर्डांआधी एक लांबलेला विराम आहे. तिथे बहुतेकांचा पाय पेडलवरच राहतो. उचला तो.