परदेशात सिनेमाला जाताना या चुका टाळा

नव्या देशात पहिले काही महिने फार एकटे जातात. अशा वेळी सिनेमाचं थिएटर मोठा आधार असतं, कारण तिथे कोणाशी बोलावं लागत नाही आणि तरी माणसांत बसल्यासारखं वाटतं. म्हणून तिकिटाच्या चुकीमुळे ती संध्याकाळ वाया गेली की फार लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं नाव आणि वेळ बघून तिकीट काढणं. जर्मनीत माझं हेच झालं. दिवे मालवले, ओळखीच्या नटाने तोंड उघडलं आणि भलत्याच माणसाचा जर्मन आवाज आला. ओठ अजून हलत होते, वाक्य मात्र संपलेलं होतं. जर्मनी, स्पेन, इटलीत परदेशी चित्रपट बहुतेक डब करूनच दाखवतात. मूळ आवाजाचे खेळ वेगळे असतात आणि ते वेळेशेजारच्या दोन-चार अक्षरांवरून ओळखायचे. जर्मनीत ‘ओव्ही’ म्हणजे मूळ भाषा, ‘ओएमयू’ म्हणजे मूळ भाषा आणि खाली सबटायटल. फ्रान्समध्ये ‘व्हीएफ’ दिसलं तर फ्रेंच आवाज, ‘व्हीओ’ किंवा ‘व्हीओएसटी’ असेल तर मूळ. स्पेनमध्ये ‘व्हीओएसई’ शोधा. जपानमध्ये सबटायटलला ‘जिमाकु’ म्हणतात, डबिंगला ‘फुकिकाए’.

पण सबटायटल आहेत एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ती कोणत्या भाषेत आहेत? जर्मनीत कोरियन चित्रपट ‘ओएमयू’ असेल, तर आवाज कोरियन आणि अक्षरं जर्मन. दोन्ही येत नसतील तर काहीच हाती लागत नाही. इंग्रजी सबटायटल हवी असतील तर ‘ओएमईयू’ लिहिलेला खेळ लागतो.

नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये मोठ्यांचे चित्रपट मूळ भाषेतच असतात, पण लहान मुलांचे डब करतात. मुलांना घेऊन जाताना हे हमखास विसरलं जातं. (भाषा शिकायची असेल तर मात्र हेच खेळ मुद्दाम बघा, संवाद सोपे असतात.)

वेळेतही फसायला होतं. जर्मन माणूस ‘हाल्ब आख्त’ म्हणाला तर ते साडेसात, साडेआठ नव्हे. जपानमध्ये शनिवारच्या यादीत २५:०० दिसलं, तर तो खेळ रात्री बारानंतर, म्हणजे रविवारी पहाटे १ वाजता.

वयाचे नियमही आधी बघून घ्या. ब्रिटनमध्ये ‘१२ए’ असं वयाचं प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला लहान मूल मोठ्यांसोबत जाऊ शकतं, ‘१५’ला आईवडील बरोबर असले तरी १५ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. वय दिसणारं ओळखपत्र जवळ असू द्या.

आणि चुकीच्या खेळात बसलोय हे कळलं, तर संकोच करत बसू नका. पडद्यावर जाहिराती आणि ट्रेलर चालू असतानाच उठा, काउंटरवर तिकीट दाखवा आणि मूळ भाषेचा पुढचा खेळ कधी आहे ते विचारा. तिकीट बदलून मिळायचं असेल तर तेव्हाच; अर्धा सिनेमा बघून बाहेर आल्यावर ऐकून घेणारं कोणी सापडत नाही.