सपाट गच्चीचे फायबर जाळीचे वॉटरप्रूफिंग: पूर्वतयारीपासून पाणी साठवून पाहण्यापर्यंत

गच्चीवर मारायच्या वॉटरप्रूफिंगमध्ये फायबरची जाळी कशासाठी घालतात, हे आधी समजून घेतलेले बरे, कारण पुढची सगळी कामे त्यावर ठरतात. काँक्रीट तापले की पसरते आणि निवले की आकसते. दहा मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात रात्र आणि दुपार मिळून 30 अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी सुमारे 3 मिलिमीटरने कमीजास्त होते. ही हालचाल सगळीकडे सारखी वाटली जात नाही. जिथे आधीच भेग आहे किंवा दोन निराळ्या वस्तू एकमेकींना भिडतात, तिथे ती एकवटते. नुसत्या ब्रशने मारलेला थर भेगेच्या दोन्ही कडांना घट्ट चिकटलेला असल्यामुळे, भेग अर्धा मिलिमीटर जरी उघडली तरी सगळा ताण केसाएवढ्या पट्टीत येतो आणि थर तिथेच फाटतो. जाळी तो ताण आजूबाजूला पसरवते. म्हणजे पाणी अडवण्याचे काम अ‍ॅक्रिलिकचे किंवा पॉलियुरेथेनचे (वर मारायचा थर या दोन मालांपैकी एकाचा असतो), आणि त्याला फाटू न देण्याचे काम जाळीचे. साहजिकच जाळीची खरी गरज मोकळ्या मैदानापेक्षा कठड्याचा कोपरा, पाण्याचा निचरा होतो ते तोंड, पाइपचे बूड आणि भेगा या ठिकाणी अधिक असते, आणि गळतीही बहुधा तिथूनच सुरू होते.

सामान निवडताना एक प्रश्न पुरेसा आहे: गच्चीवर पाणी साचून राहते का? अ‍ॅक्रिलिकचा थर स्वस्त, पांढरा आणि उन्हाला टिकणारा असतो, पण अनेक दिवस पाण्याखाली राहिला की मऊ पडतो आणि सुटू लागतो. पॉलियुरेथेन महाग असले तरी साचलेले पाणी अधिक चांगले सोसते. उतार नीट असलेल्या गच्चीला चांगल्या प्रतीचे अ‍ॅक्रिलिक चालते. जिथे डबकी राहतात तिथे आधी उतार दुरुस्त करावा, आणि ते शक्यच नसेल तर पॉलियुरेथेनचा खर्च करावा. जाळी फायबरग्लासची, बारीक विणीची आणि वजनाला हलकी घ्यावी. प्लास्टरसाठी मिळणारी मोठ्या चौकटींची जाड जाळी या कामाला उपयोगाची नाही, कारण तिच्या गाठी पातळ थरातून वर डोकावतात. सिमेंटमिश्रित कोटिंग वापरणार असाल तर अल्कली सोसणारी जाळी मागून घ्यावी. साधी काच सिमेंटमध्ये हळूहळू कमजोर होते.

काम कधी करावे याबद्दल मतभेदाला फारशी जागा नाही. मुंबई आणि कोकणात जूनच्या पूर्वार्धात पाऊस धरतो, आणि त्याआधी मे महिन्यात वळवाची एखादी सर कधीही येऊ शकते. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. मेअखेरीस छताला ओल दिसल्यावर घाईने गवंडी शोधणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि त्या वेळी भावही चढलेले असतात. गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. त्यामुळे वरच्या मजल्यावरील सभासदाने स्वतःचा खिसा रिकामा करण्याआधी समितीला लेखी पत्र द्यावे.

पूर्वतयारी

कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ इथे गेला पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून दिलेला उतार आणि त्यावर सिमेंटचा घोटलेला थर. हा कोबा भेगांमधून पाणी पितो आणि ते महिनोन्‌महिने पोटात ठेवतो. अशा ओल्या कोब्यावर थर मारला, तर एप्रिलच्या उन्हात आतले पाणी वाफ होऊन वर येऊ पाहते आणि थराला फोड येतात. म्हणून हातोडीच्या दांड्याने किंवा सळईच्या टोकाने सगळी गच्ची ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येतो तो भाग फोडून काढावा आणि नव्याने भरावा. ओल तपासायची साधी रीत अशी, की दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून संध्याकाळी लावावा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावा. खालच्या बाजूला घाम धरला असेल किंवा जमीन काळपट दिसत असेल, तर काम पुढे ढकलावे. कोबा जागोजागी सुटला असेल तर त्यावर कितीही महागडे कोटिंग मारले तरी उपयोग नाही. तो काढून नवाच करावा, हे ऐकायला कोणाला आवडत नसले तरी.

शेवाळ आणि जुना सुटलेला रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढावा, मग दाबाच्या पाण्याने धुऊन गच्ची पूर्ण वाळू द्यावी. आधीचे डांबरी कोटिंग असेल तर ते काढल्याशिवाय त्यावर अ‍ॅक्रिलिक मारू नये. केसासारख्या भेगा थराखाली झाकल्या जातात, पण त्याहून रुंद भेग कटर मशीनने साधारण 10 मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल कापून, धूळ झटकून, लवचीक सीलंटने, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरासारख्या मालाने, भरावी. नुसते सिमेंट भरले तर पुढच्या उन्हाळ्यात भेग जिथल्या तिथे परत दिसते.

उतार तपासण्यासाठी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे. शंभर सेंटिमीटरला निदान एक सेंटिमीटर उतार निचऱ्याच्या तोंडाकडे असावा. खोलगट जागा पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने उचलून घ्याव्यात. कठडा आणि जमीन जिथे मिळतात, त्या काटकोनात गवंड्याकडून सुमारे दोन ते तीन इंचांचा वाटा, म्हणजे कोपरा भरून काढणारी सिमेंट-मसाल्याची गोलाई, करून घ्यावा. काटकोनात जाळी कधीच पूर्ण बसत नाही, तिच्यामागे पोकळी राहते आणि पाय किंवा कुंडी लागली की थर तिथे फुटतो. गोलाईवर ती अंगासरशी बसते. वाट्याचे सिमेंट पाणी मारून पक्के होऊ द्यावे आणि मगच वाळायला सोडावे.

थर आणि जाळी

साहित्याचा हिशेब आधी करावा, कारण कमी माल वापरणे ही या कामातली सर्वांत सामान्य लबाडी आहे. दहा बाय सहा मीटरची गच्ची 60 चौरस मीटर भरते. कठड्यावर एक फूट उंचीपर्यंत थर चढवायचा असतो. चारही बाजूंची लांबी 32 मीटर, म्हणजे आणखी साधारण 10 चौरस मीटर. एकूण 70. डब्यावर सर्व हात मिळून चौरस मीटरला दीड लिटर लिहिले असेल, तर 105 लिटर माल लागेल, म्हणजे 20 लिटरचे सहा डबे. दोन डब्यांत काम उरकून दाखवणारा कंत्राटदार रंगकाम करतो आहे, वॉटरप्रूफिंग नव्हे. जाळीला जोडांवर 10 सेंटिमीटर चढ द्यावा लागत असल्यामुळे ती 80 चौरस मीटरच्या आसपास घ्यावी.

काम सकाळी लवकर सुरू करून ऊन तापण्याआधी थांबवावे आणि उतरत्या उन्हात पुन्हा धरावे. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर मारलेला थर वरून लगेच वाळतो, खाली ओला राहतो. उलट, फार उशिरापर्यंत काम ओढले तर ताज्या थरावर दव पडते. पहिला हात प्रायमरचा. तो किती पातळ करायचा ते डब्यावर दिलेले असते आणि तेवढाच करावा. पुढच्या हातांत मात्र पाणी अजिबात घालू नये, मजुराने कितीही आग्रह धरला तरी.

निचऱ्याच्या तोंडाशी सर्वप्रथम जाळी बसवावी. तोंडावरची लोखंडी जाळी काढून ठेवावी, फायबरचा दीड फूट चौरस तुकडा घ्यावा, पाइपच्या मध्याशी येईल अशा ठिकाणापासून कात्रीने चांदणीसारखे सहा-आठ छेद द्यावेत, आणि ओल्या थरावर तो तुकडा पसरून सुट्या झालेल्या पाकळ्या पाइपच्या आतल्या अंगाला ब्रशने दाबून चिकटवाव्यात. पाकळ्यांच्या फटींवर दुसरा तुकडा थोडा फिरवून लावावा. आत निदान 5 सेंटिमीटरपर्यंत थर गेला पाहिजे. तो काठावरच संपवला तर पाणी थराच्या खालून शिरते. त्यानंतर वाटे, पाइपांची बुडे आणि भरलेल्या भेगा यांवर फूटभर रुंद पट्ट्या लावाव्यात.

मग मोकळी गच्ची. एका वेळी जाळीच्या रुंदीएवढाच पट्टा भरपूर मालाने ओला करावा, त्यावर जाळी सैल न ठेवता पण ताणूनही न धरता उलगडत जावी, आणि रोलरने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढावी. जाळीच्या भोकांतून माल वर आलेला दिसला पाहिजे. पांढरी, कोरडी जाळी जिथे दिसते तिथे खाली माल कमी पडला आहे. त्याच क्षणी वरून माल द्यावा, कारण वाळल्यावर ती जागा सुधारत नाही. पट्टे उताराच्या खालच्या बाजूने सुरू करून वर चढत जावे, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर कौलांसारखा चढतो. हे करताना हातमोजे घालावेत, काचेचे तंतू त्वचेला खाज आणतात.

हा हात डब्यावर लिहिल्याइतका वेळ वाळल्यावर पुढचा हात आडवा आणि त्यापुढचा उभा मारावा. शेवटी जाळीची वीण नजरेला दिसत नसावी. कठड्यावर थराची वरची कड उघडी सोडू नये. भिंतीत छोटी खाच घेऊन थर त्यात उतरवावा आणि वरून सीलंट भरावे.

चाचणी आणि नंतरचा वापर

थर पूर्ण पक्का व्हायला अ‍ॅक्रिलिकला साधारण आठवडा द्यावा. त्यानंतर निचऱ्याची तोंडे बंद करून सगळीकडे एक ते दोन इंच पाणी उभे राहील असे भरावे आणि 48 तास ठेवावे. दोन इंच पाण्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 50 किलो होते, म्हणून जुन्या किंवा सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबवर इंचभरावर थांबावे. उतारामुळे दूरच्या कडेला पाणी पोहोचत नसेल, तर विटांची बुटकी बांधणी करून भागाभागाने चाचणी घ्यावी. खालच्या छतावर आधीपासून असलेल्या डागांच्या कडा पेन्सिलने आखून ठेवाव्यात. डाग रेषेबाहेर गेला तरच गळती समजावी, कारण जुनी ओल वाळायला वेळ लागतो. कंत्राटदाराचे शेवटचे पैसे या चाचणीनंतरच द्यावेत.

पापड-कुरडया वाळत घालण्यापुरते चालणे-फिरणे हा थर सोसतो, पण लोखंडी खाटेचे पाय, टोकदार शिडी किंवा ओढत नेलेली कुंडी तो सोसत नाही. रोजची वर्दळ असेल तर वर मसाल्याचा थर किंवा फरशी घ्यावी. डिश अँटेना वा सोलर पॅनेलचे स्टँड भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करता येतात का ते पाहावे, मात्र ते वाऱ्याने उलटणार नाहीत एवढे वजन हवे. बोल्ट मारावाच लागला तर त्याच दिवशी त्याच्याभोवती सीलंट, जाळीचा तुकडा आणि दोन हात देऊन टाकावेत, आणि मेमध्ये एकदा निचऱ्याच्या तोंडातला पालापाचोळा काढताना अशा सगळ्या जागा नजरेखालून घालाव्यात.