सरकारी हायस्कूलमध्ये खरंच शिकवतात का, कसं बघायचं

निकालाचा बोर्ड बघून ठरवू नका, तो गेटवर लावायलाच असतो. आधी कुठल्याही मुलाची तपासलेली वही मागा. नुसती लाल बरोबरची खूण आणि सही असेल तर काय कळणार, पण "इथे चिन्ह का बदललं? परत करून दाखव" असं लिहिलंय आणि खाली मुलाने ते गणित परत सोडवलंय, तर समजा काम चालू आहे.

मग शिक्षकांना सरळ विचारा, चाचणीत अर्ध्या वर्गाला धडा जमला नाही तर पुढे काय करता? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये हेच मांडलं होतं, की छोटी चाचणी घ्या, जे राहिलं ते वेगळ्या पद्धतीने शिकवा, परत तपासा आणि मगच पुढे जा. "पोर्शन संपवायचा असतो हो" असं उत्तर आलं तर... असो, बिचाऱ्यांचीही अडचण असते, पण मग मुलाकडे घरी लक्ष द्यावं लागेल हे धरून चला.

लायब्ररी, लॅब पटकन बघून घ्या, कुलूप आहे का एवढंच. शेवटी मुलांनाच विचारा, चुकीचं उत्तर दिलं तर सर काय म्हणतात?